साडेतीन हजारांचा भोंगा: पुराच्या बोटीतही तोच, मोर्चातही तोच

आधी काय घेतलंय ते सांगते. हातात धरायचा मेगाफोन, आमच्याकडं सगळे भोंगाच म्हणतात. बॉक्सवर ३५ वॅट लिहिलंय, खांद्याला पट्टा आहे, मागं गुंडाळीच्या वायरचा वेगळा हँडमाईक, आणि एकच फिरवायचं बटण ज्यात बोलणं, सायरन, शिट्टी, रेकॉर्ड असं सगळं कोंबलंय. २०२१ चा पूर ओसरल्यावर कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका साऊंडच्या दुकानातून घेतला, घासाघीस करून साडेतीन हजाराच्या आसपास पडला. कंपनीचं नाव टाकत नाही कारण हाच माल वेगवेगळ्या स्टिकरखाली विकतात, आमच्यातल्या एकानं नखानं स्टिकर काढून बघितला तर खाली दुसऱ्याच नावाचा स्टिकर निघाला.

ऑनलाईन असल्या भोंग्याचे रिव्ह्यू वाचले तर सगळे शाळेच्या स्पोर्ट्स डेचे नाहीतर भाजीच्या टेम्पोचे. पुरात बोटीवर उभं राहून आणि महिन्याभराच्या आत कलेक्टर ऑफिसच्या गेटवर, असं दोन्हीकडं एकच मशीन वापरलेल्या माणसानं लिहिलेलं काही सापडेना, म्हणून मीच लिहितेय. आम्ही शिरोळ तालुक्यातली थोडी पोरं-पोरी आहोत, संघटना म्हणावं एवढं काही मोठं नाही, पावसाळ्यात पूरग्रस्तांचं काम आणि उरलेल्या वर्षात त्याच पुरासाठी निवेदनं, धरणं, मोर्चा. त्यामुळं आम्हाला दोन भोंगे परवडत नाहीत आणि खरं सांगायचं तर लागतही नाहीत, पण एकच ठेवला की काय काय भानगडी होतात ते पुढं येईलच.

आवाज. बॉक्सवर एक किलोमीटर लिहिलंय ते विसरा. मोकळ्या माळावर, वारा नसताना, शब्द नीट कळतील असं अंतर म्हणजे दोन-अडीचशे मीटर, त्याच्या पुढं नुसता आवाज पोचतो, अर्थ नाही. पुराच्या पाण्यावर आवाज लांब जातो असं म्हणतात आणि जातोही, पण बोटीचं इंजिन चालू असलं की पन्नास मीटरवरच्या गच्चीतल्या माणसालाही काही कळत नाही, इंजिन बारीक करायला लावायचं, बोट वाहत्या पाण्यात हलायला लागते म्हणून चालवणारे जवान वैतागतात, मग दोन वाक्यात काय ते सांगून टाकायचं. अजून एक गोष्ट दुकानदार सांगत नाही, या भोंग्याला खालचा खर्ज अजिबात पकडता येत नाही, त्यामुळं आमच्या ग्रुपमधले भारदस्त आवाजाचे दादा लोक बोलले की नुसतं घुमतं, आणि आम्हा बायकांचा आवाज मात्र सुरीसारखा आरपार जातो. मोर्चात पहिल्या रांगेत माईक कुणाच्या हातात असावा यावरून जी वर्षानुवर्षांची भांडणं होती ती या एका तांत्रिक कारणानं मिटली, पाच स्टारमधला एक स्टार मी यालाच दिलाय.

समोर तोंड करून बोललं की कुई वाजतं, तेव्हा हँडमाईक घेऊन भोंग्याच्या मागं उभं राहायचं, कर्ण्याचं तोंड आपल्यापासून लांब. वायर सरळ ताणली तर मीटरभर होते तेवढी पुरते.

बॅटरी हा यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि इथंच लोक फसतात. दुकानात दोन प्रकार दाखवतात, एक चार्जिंगचा आणि एक टॉर्चच्या मोठ्या सेलवर चालणारा. चार्जिंगचा दिसायला भारी, वजनाला हलका. पण पूर आला की महावितरण पहिल्यांदा लाईट बंद करतं, करावीच लागते, सबस्टेशनमध्ये पाणी शिरतं, २०१९ च्या पुरात कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती, तिथं चार्जर घेऊन काय करणार? आमचा दोन्हीवर चालतो, आठ मोठे सेल बसतात, म्हणून घेतला. सेल भरले की वजन चांगलंच वाढतं, दोन तास खांद्यावर ठेवला की मान धरते. आणि पावसाळा संपला की सेल काढून ठेवा, आत राहिले की पाझरतात आणि स्प्रिंगवर हिरवट थर चढतो, मग सँडपेपर घेऊन बसा.

पाणी. वॉटरप्रूफ नाही, दुकानदार म्हणेल आहे, नाही. आम्ही मागच्या झाकणावर दुधाची जाड पिशवी रबरबँडनं बांधतो आणि कर्ण्याचं तोंड कायम खाली ठेवतो, वर ठेवलं की पाऊस साठतो आणि आवाज घोगरा होतो. बोटींवर वापरायचे खरे वॉटरप्रूफ भोंगे मिळतात पण त्यांची किंमत ऐकून आम्ही चहा पिऊन परत आलो.

आता वापराबद्दल, कारण नुसतं स्पेसिफिकेशन वाचून घेणाऱ्याला काही कळणार नाही.

२०१९ ला आमच्याकडं स्वतःचा भोंगा नव्हता, गल्लीतल्या तरुण मंडळाचा उसना घेतला होता. ऑगस्टचा पहिला-दुसरा आठवडा, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर, जिथं धोक्याची पातळी ४५ आहे, कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर, जिथं धोका ४३ ला सुरू होतो, पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, म्हणजे बाहेरून मदत यायची ती पण अडकलेली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि त्या बातमीनंतर आमच्या भागात लोक बोटीत बसायलाच तयार होईनात. अशा वेळी भोंग्यातून ओरडून काही होत नाही हे तिथं कळलं. 'लवकर बाहेर पडा, पाणी वाढतंय' असं वरच्या पट्टीत सांगितलं की माणूस अजून हट्टाला पेटतो, 'जनावरं सोडून येत नाही' म्हणतो आणि दार लावून घेतो. मग आम्ही माईक गावातल्या आशाताईंच्या हातात दिला. त्या एकेका घराचं नाव घेऊन, अगदी हळू आवाजात, 'आक्का, तुमच्या म्हशी छावणीत बांधल्यात, चारा आलाय, आता तुम्ही या, बोटीत आठच जण बसवतोय' असं सांगायला लागल्या आणि आक्का आल्या की खाली. आवाजाचं बटण अर्ध्यावर, वाक्य छोटं, नाव घेऊन. बोटीतली सेटिंग हीच.

सायरन पुरात चुकूनही लावू नका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले ही बातमी आमच्याकडं लहान पोरालाही कळते, त्यात कुठंतरी सायरन वाजला की लोकांना वाटतं धरणच सोडलं, पळापळ होते. त्यापेक्षा तासातासाला बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात वाचून दाखवायची, वाढली तर वाढली, उतरली तर उतरली. अफवा मारायला याच्यासारखं औषध नाही, निम्म्या व्हॉट्सॲप फॉरवर्डची हवा तिथंच जाते. पाणी उतरल्यावर तर भोंगा जास्त लागतो, पाणी उकळून प्या, चिखलात अनवाणी जाऊ नका, लेप्टोच्या (चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्या डॉक्टरला विचारूनच घ्या, अडगळीत हात घालायच्या आधी काठी फिरवा साप असतो, हे सगळं गल्लोगल्ली. आणि पाण्यातून वाहन घालू नका हे तर घसा बसेपर्यंत सांगावं लागतं, ऑगस्ट २०२४ ला अकिवाट-बस्तवाड रस्त्यावर पुराच्या पाण्यात ट्रॅक्टर उलटून माणसं गेली ते या भागात कुणी विसरलेलं नाही.

मोर्चातली सेटिंग वेगळी. तिथं आवाज फुल्ल, पण भोंगा फक्त पुढच्या दीडशे-दोनशे लोकांपुरता, त्याच्या मागच्यांना टेम्पोवरचे बॉक्सच लागतात. दसरा चौकातून निघून व्हीनस कॉर्नरवरून असेंब्ली रोडनं कलेक्टर ऑफिस या रूटवर मी सांगू शकते की भोंग्याचा खरा उपयोग घोषणेला कमी आणि गर्दी सांभाळायला जास्त होतो, 'रस्त्याची एक बाजू मोकळी सोडा, ॲम्ब्युलन्स येतेय, म्हातारी माणसं सावलीत घ्या' यासाठी. घोषणा माणसांच्या तोंडानंच व्हायला पाहिजे. 'कोण म्हणतंय देत नाही, घेतल्याशिवाय राहत नाही' हे रेकॉर्ड करून लूपवर लावणारे महाभाग आहेत, असलं ऐकलं की मला मोर्चा सोडून घरी जावं वाटतं.

परवानगीचं पण सांगून ठेवते कारण नवीन पोरांना वाटतं हातातला भोंगा म्हणजे लाऊडस्पीकर नाही. आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमात तो येतो, लेखी परवानगी काढावी लागते, रात्री १० ते सकाळी ६ बंद, हॉस्पिटल-शाळा-कोर्टाच्या १०० मीटरमध्ये बंद. दसरा चौकात उभं असाल तर सीपीआर हॉस्पिटल जवळ आहे, तिकडं कर्णा वळवायचा नाही, पोलिसांनी सांगायच्या आधी आपणच. पुरात मात्र आजवर कुणी परवानगीचा कागद मागितला नाही. उलट तेच साहेब 'ताई, जरा इकडं पण अनाऊन्स करा की' म्हणतात, आणि महिन्यानं गेटवर भेटले की ओळख दाखवत नाहीत. त्यांचाही नाईलाज असेल, मी धरून बसत नाही.

आता ती भानगड. या मॉडेलला रेकॉर्ड केलेलं डिलीट करायचं बटण नाही, वरून दुसरं रेकॉर्ड केलं तरच आधीचं जातं, सेल काढले तरी आत तसंच राहतं. जून २०२४ ला शक्तिपीठ महामार्गाच्या विरोधात कलेक्टर ऑफिसवर मोठा मोर्चा झाला, नागपूर-गोवा असा तेव्हाच्या आराखड्यात ८०२ किलोमीटरचा तो रस्ता, आमच्याकडं त्याला विरोध जमिनीसाठी तर आहेच पण पुरासाठीही आहे, कारण नदीकाठच्या पट्ट्यात अजून एक भराव पडला की पाणी अजून तुंबणार ही भीती. आधीच हायवेच्या भरावानं काय होतं ते लोकांनी २०१९ आणि २०२१ ला बघितलंय, भराव काढा आणि कमानीचा पूल करा ही मागणी त्यातूनच आली. तर त्या मोर्चात कुणीतरी या भोंग्यात सरकारच्या नावानं एक झणझणीत घोषणा रेकॉर्ड करून ठेवली. पुढच्याच महिन्यात, जुलैत, पंचगंगा धोक्याच्या वर गेली आणि तोच भोंगा घेऊन आम्ही निवारा केंद्रात तांदूळ-डाळीच्या वाटपाला उभे. लाईन मोठी, तलाठी भाऊसाहेब खुर्चीत, बाजूला सरपंच, आणि आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोराचा अंगठा लागला त्या बटणाला. फुल्ल आवाजात घोषणा. बंद कुठून करायचं ते त्याला सुचेना, तीन वेळा वाजली.

अर्धी लाईन हसली. अर्धी गप्प. एक बाई सरळ म्हणाल्या, 'तुम्ही मदतीला आलाय का राजकारणाला?' आणि मागं एक आजोबा होते ते म्हणाले, 'बरोबर हाय की पोराचं, पण आधी तांदूळ द्या.' भाऊसाहेबांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला कुटुंबांची यादी दाखवायला टाळाटाळ केली, वरनं विचारणा झाली म्हणे. म्हणजे एका बटणामुळं साठ-सत्तर घरांचं वाटप अर्धा दिवस लांबलं. त्यामुळं हे मॉडेल घेणाऱ्यांनी मोर्चावरून आल्या आल्या पहिलं काम काय करायचं तर रेकॉर्डवर दहा सेकंद गप्प बसून शांतता भरायची. आम्ही आता 'रेशन कार्डचा नंबर सांगा, झेरॉक्स नको' हे भरून ठेवतो, ते छावणीत कामाला पण येतं.

या प्रकारावरून आमच्यात जुनंच भांडण परत निघालं. एक दादा म्हणतात की पुरात काम करायचं तर मोर्चाचं सामान, बॅनर, टोपी, भोंगा काहीच न्यायचं नाही, लोकांच्या अंगावर कपडा नसताना तुमची घोषणा कुणाला हवीय. दुसरी एक मैत्रीण म्हणते की नुसत्या किटा वाटत बसलो तर आपण सरकारचे फुकटचे हमाल, ज्यानं भराव घातला त्याला कुणी विचारत नाही आणि आपण दरवर्षी चिखल काढतोय. माझं मत मैत्रिणीकडं झुकतं पण वागणं दादांसारखं आहे, आणि ते का ते २०१९ मुळं. त्या ७ ऑगस्टचा सरकारी आदेश आठवत असेल, घर दोन दिवस पाण्यात असेल तरच फुकट धान्य. तो वाचून छावणीतली पोरं पेटली होती, तिथंच सभा घ्यायची म्हणत होती. त्यात कुठं कुठं मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवलेले, त्याची चीड वेगळीच. पण त्या छावणीत ज्या बायका-माणसं होती त्यांना संध्याकाळी त्याच तलाठ्याकडं पंचनाम्याला उभं राहायचं होतं. आमची घोषणा झाली असती आणि आम्ही मोटरसायकलवर बसून घरी गेलो असतो, राग निघाला असता त्यांच्यावर. म्हणून छावणीत घोषणा बंद आणि चार जणांनी तहसीलला जाऊन विचारायचं असं ठरलं. पूर पूर्ण उतरायच्या आत जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश पण निघाला, मग तर चार जणच बरे होते.

पण फार थांबायचं पण नाही, हे पण तितकंच खरं. गणपती येतात, ऊस तोडीला येतो, लोक आपापल्या नादाला लागतात आणि अनुदानाची यादी तशीच राहते. २०२१ ला शेतकरी नेते राजू शेट्टींनी १ सप्टेंबरला प्रयाग चिखलीतून पदयात्रा काढली ती नरसोबावाडीपर्यंत, म्हणजे पूर येऊन जेमतेम सव्वा महिना झाला होता, सरकारनं ११,५०० कोटींचं पॅकेज ऑगस्टमध्येच जाहीर केलं होतं पण हातात काय पडलं यावर लोक चिडून होते, आणि चिखल घरातून निघालेला पण राग अजून ओला, अशा वेळी माणूस चालायला तयार होतो. आम्ही त्यातून एक शिकलो, पुरात वाटप करताना जी वही लिहितो, कुणाच्या घरात किती फूट पाणी, किती दिवस, भिंत पडली का, जनावर गेलं का, ती वही हेच पुढं निवेदनाला जोडायचं. छावणीत तोंड बंद, वही चालू. कलेक्टर ऑफिसला घोषणेपेक्षा त्या वहीची भीती जास्त वाटते असा माझा अनुभव आहे, कारण पंचनाम्यात नसलेली घरं त्यात सापडतात.

पैशाचं एक राहिलं. हा भोंगा आम्ही पूरनिधीतून घेतला नाही, कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून घेतला. बाहेरगावच्या, पुण्या-मुंबईच्या, काही तर परदेशातल्या लोकांनी पुरासाठी म्हणून पैसे दिलेले असतात, त्यातला रुपयाही मोर्चाच्या सेलवर जाता कामा नये, आणि उलटं मोर्चासाठी आलेल्या वर्गणीतून पुरात डाळ घेतली तरी हिशोब वेगळा दाखवायचा. त्यामुळं आमच्याकडं सेलची दोन पाकिटं असतात, एकावर मार्करनं 'पूर', एकावर 'बाकीचं'. लोक हसतात. पण एकदा कुणी जाहीर विचारलं की तुमच्या भोंग्याचे पैसे कुणी दिले, तर वर्गणीच्या पावत्या समोर ठेवता आल्या पाहिजेत, आणि तसं विचारणारे हल्ली भरपूर आहेत.

तर घ्यावा का? एखाद्या तालमीला, मंडळाला, ग्रामपंचायतीला घ्यायचा असेल तर डोळे झाकून घ्या, पण दोन्ही बॅटरीवर चालणाराच, आणि दुकानात रेकॉर्ड करून, सेल काढून, परत घालून बघा आत काय राहतं ते. स्पोर्ट्स डेसाठी एवढा जड नको, हलका घ्या. फक्त मोर्चासाठी घेणार असाल तर हे पैसे टेम्पोच्या भाड्यात घाला, जास्त उपयोग होईल. वॉरंटी एक वर्ष म्हणतात, आम्ही हँडमाईकचं बटण बसल्यावर नेला तर दुकानदार म्हणाला हे पाण्यानं झालंय, वॉरंटीत बसत नाही. पुरात वापरायला घेतलेली वस्तू पाण्यानंच बिघडणार ना बाबा. शेवटी शिरोळमध्ये एका मोबाईल रिपेअरवाल्यानं दुसरं बटण बसवून दिलं, बाजारच्या दिवशी बसल्या बसल्या.

पाचपैकी साडेतीन. बायकांच्या आवाजाचा एक आणि दोन्ही बॅटऱ्यांचा एक हे पक्के, बाकीचे दीड टिकाऊपणाला, कारण २०२१ पासून अजून चालतोय. डिलीट बटण असतं तर अजून एक दिला असता. कर्ण्याच्या आतला पडदा आता थोडा फाटलाय, इचलकरंजी-सांगलीकडं तो बदलून देणारा कुणी माहीत असेल तर सांगा, यंदाच्या जूनच्या आत करून घ्यायचाय.